यादींत आहे, दप्तरांत नाहीं : संगणकीय संगीतसंग्रहांतील गहाळ फाइलींचा विचार

जुन्या दप्तरांत ज्यांनीं काम केलें आहे त्यांस पुढील अनुभव नवा नाहीं. अमुक रुमालांत अमुक कागद असल्याची नोंद यादींत स्पष्ट असते. रुमाल सोडून पाहावा तों कागद नसतो. अशा वेळीं अनुभवी संशोधक यादींतील ती ओळ खोडीत नाहीं. कागद शेजारच्या रुमालांत गेला असेल, कोणी नकलेसाठीं नेला असेल, दोन बंद एकमेकांस चिकटले असतील, किंवा नोंद करणारानेंच अंक चुकीचा घातला असेल, असे सर्व तर्क तो आधीं करतो. आणि कागद खरोखरच नाहींसा झाला असें ठरलें तरी, तो एके काळीं होता याचा उरलेला एकच पुरावा म्हणून ती ओळ जपून ठेवतो. संगणकांत सांठविलेल्या संगीतसंग्रहाच्या बाबतींत मात्र हाच मनुष्य एक कळ दाबून शेंकडों ओळी क्षणांत पुसून टाकतो आणि त्यास साफसफाई म्हणतो. प्रस्तुत लेखकानेंही तें एकदां केलें आहे. म्हणून हें टिपण.

आपल्या वाचकांपैकीं अनेकांनीं पोथ्या व बाडें यांबरोबर ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही जमविल्या आहेत, व त्यांवरील ध्वनि संगणकावर उतरवून घेतला आहे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें वाजते. जतनासाठीं जें मान आज सामान्यतः धरलें जातें, म्हणजे सेकंदास ९६,००० नमुने व प्रत्येक नमुना २४ बिटांचा, त्या मानानें ती बाजू दोन वाहिन्यांवर उतरविली तर सुमारें १०० मेगाबाइट जागा व्यापते. पांचशें तबकड्या उतरविल्या कीं हजार फाइली व सुमारें १०० गिगाबाइट झाले. इतका भार संगणकाच्या पोटांत बहुधा राहत नाहीं. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातो, डिस्क जुनी झाली म्हणजे दुसरीवर जातो, संगणक बदलला म्हणजे तिसरीकडे जातो. बिऱ्हाड असें हलत असतां यादी मात्र जागच्या जागीं असते, आणि गहाळ नोंदींचें मूळ बहुतेक वेळां येथेंच सांपडतें.

या यादीचें स्वरूप थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे. आयट्यून्स, फूबार, म्यूझिकबी, रिदमबॉक्स, मिक्स इत्यादि प्रोग्राम गाणीं वाजवितात, त्यामुळें गाणीं त्यांच्या आंत आहेत असा समज होतो. वास्तविक त्यांच्याजवळ असतो तो एक डेटाबेस, म्हणजे यादी. प्रत्येक गाण्यास तींत एक ओळ. गाण्याचें नांव, गायकाचें नांव, लांबी, संग्रहांत केव्हां आलें ती तारीख, किती वेळां ऐकलें, संग्राहकाचा शेरा, आणि सर्वांत महत्त्वाचा असा फाइलीचा पत्ता. हा पत्ता घराच्या पत्त्याप्रमाणें थोरल्याकडून धाकट्याकडे जातो : अमुक डिस्क, तींत नाट्यपदें हा फोल्डर, त्यांत स्वयंवर हा फोल्डर, त्यांत अमुक नांवाची फाइल. प्रोग्राम त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. ओ मिळाली नाहीं तर आयट्यून्स त्या ओळीशेजारीं उद्गारचिन्ह काढतें. रिदमबॉक्स व मिक्स अशा ओळी गहाळ या स्वतंत्र सदराखालीं दाखवितात. परंतु या चिन्हाचा अर्थ इतकाच कीं, आतां या घटकेस या पत्त्यावर या नांवाची फाइल दिसली नाहीं. ती नष्ट झाली, असें प्रोग्राम म्हणत नाहीं. तें आपण म्हणतों.

माझा प्रसंग थोडक्यांत सांगतों. एका वृद्ध संग्राहकांनीं आपल्या तबकड्या मला घरीं बसून उतरवून घेऊं दिल्या. फडताळांत ज्या क्रमानें तबकड्या उभ्या होत्या त्याच क्रमानें मीं त्या उतरविल्या, आणि प्रत्येकीविषयीं ते जें सांगत तें यादीच्या शेऱ्याच्या रकान्यांत लिहिलें : तबकडी कोठें मिळाली, मधल्या कागदावर काय छापिलें आहे, त्या कागदाच्या कडेस मेणांत कोणता अंक उठला आहे. पुढें ते वारले व तबकड्या विकल्या गेल्या. कांहीं महिन्यांनीं ज्या डिस्कवर त्या फाइली होत्या ती दुरुस्तीस गेली असतां मीं यादी उघडली. शेंकडों उद्गारचिन्हें पाहून, हीं जुनीं मढीं असावींत अशा समजानें मीं सर्व ओळी एकदम निवडून काढून टाकल्या. डिस्क परत आली. प्रोग्रामनें फोल्डर पुन्हां धुंडाळून सर्व गाणीं यादींत आणलीं, एकही फाइल कमी नव्हती. परंतु सगळीं गाणीं त्याच दिवशीं जन्मलेलीं, शेऱ्याचा रकाना कोरा, आणि आगमनाच्या तारखांवरून कळणारा फडताळांतील क्रमही गेला. कोणत्या दोन बाजू एकाच तबकडीच्या होत्या हें मला त्या क्रमावरूनच सांगतां येत होतें. फाइल न गमावतां संग्रह गमावतां येतो, हें मला त्या दिवशीं समजलें.

यावरून पहिली गोष्ट ही कीं, गहाळ ओळी दिसतांच कांहीं करूं नये. सर्व डिस्का जोडाव्या, आणि यादीचीच एक नक्कल बाजूस काढून ठेवावी. मिक्सची यादी एकाच डेटाबेस फाइलींत असते. आयट्यून्सची मुख्य यादी एका फाइलींत असून तिचा वाचतां येण्याजोगा उतारा दुसऱ्या, एक्सएमएल जातीच्या फाइलींत ठेवण्याची सोय होती. मला जें कांहीं परत मिळालें तें अशाच एका जुन्या उताऱ्यांतून मिळालें. तो चौदा महिन्यांपूर्वींचा होता. मधल्या काळांतील शेरे गेले ते गेलेच.

नंतर गहाळ ओळींचे पत्ते तेवढे वेगळे लिहून काढावे व ते वाचावे. वाचल्यावांचून कळत नाहीं, आणि वाचल्यावर बहुधा लगेच कळतें. शेंकडों पत्त्यांचा आरंभ एकच असेल तर गाणीं हरवलीं नसून डिस्कचें नांव बदललें आहे. विंडोजमध्यें बाहेरची डिस्क जोडतांना तिला ई, एफ, जी असें जें अक्षर मिळतें तें त्या वेळीं कोणतें मोकळें आहे यावर अवलंबून असतें; काल ई असलेली डिस्क आज एफ होते आणि सबंध संग्रह एका अक्षरापायीं गहाळ ठरतो. डिस्कला जुनें अक्षर परत द्यावें, किंवा यादींतील पत्त्यांचा आरंभ एकदम बदलावा. पांच मिनिटांचें हें काम आहे. एखादाच फोल्डर गेला असेल तर कोणी त्याचें नांव सुधारलें असावें. हें कोणी म्हणजे स्वतः प्रोग्रामही असूं शकतो. संग्रह सुव्यवस्थित ठेवण्याची मुभा दिली असतां आयट्यून्स गायकाच्या व संचाच्या नांवाप्रमाणें फोल्डर हलवितें, आणि त्याच फाइली दुसऱ्या प्रोग्रामच्या यादींत असल्या तर तेथें त्या गहाळ होतात. दोन कारकुनांच्या हातीं एकच दप्तर देण्याचा हा परिणाम होय.

सुट्या विखुरलेल्या ओळींचें प्रकरण अधिक मनोरंजक आहे, आणि त्यांत मराठी संग्राहकास अशी एक अडचण येते जी इंग्रजी नांवें देणारास येत नाहीं. माझ्या यादींत कांहीं फाइली अशा होत्या कीं पत्ता बरोबर, फोल्डर बरोबर, फाइल डोळ्यांसमोर दिसत आहे, आणि प्रोग्राम ती नाहीं म्हणतो. त्या सर्वांच्या नांवांत ‘दुसऱ्या अंकांतील’ हे शब्द होते. ‘पहिल्या अंकांतील’ पदें मात्र सुखरूप होतीं. दोष ‘ऱ्या’ या अक्षराचा होता. आपण हें जोडाक्षर एकाच तऱ्हेनें लिहितों व वाचतों, परंतु संगणकाच्या यूनिकोड लिपिसंकेतांत तें तीन प्रकारांनीं लिहिलें जाऊं शकतें. त्यांतील ‘ऱ’ हें स्वतंत्र वर्ण म्हणून एका अंकानें दाखवितां येतें; साधा ‘र’ व त्याखालचा नुक्ता असे दोन अंक मिळूनही तेंच होतें; आणि तिसऱ्या प्रकारांत ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह मिळून तीच चंद्राकृति रेघ उमटते. पहिले दोन प्रकार समान मानावे असा यूनिकोडचा नियम आहे. तिसरा त्या नियमांत बसत नाहीं. आतां मॅक संगणकांवर १९९८ पासून चालत आलेली व २०१७ मध्यें नव्या व्यवस्थेनें मागें सारलेली जी फाइलव्यवस्था होती, ती प्रत्येक नांव ठेवतांना जोडलेलीं अक्षरें फोडून ठेवी. विंडोजवर पहिल्या प्रकारानें लिहिलेलें ‘दुसऱ्या’ मॅकच्या डिस्कवर गेलें कीं दुसऱ्या प्रकाराचें होई, आणि परत आणलें तरी तसेंच राही. यादींत पहिला पाठ, डिस्कवर दुसरा पाठ. डोळ्यांस भेद दिसत नाहीं, प्रोग्रामला दुसरें कांहीं दिसत नाहीं. हिंदी ठिकाणांहून उतरविलेल्या नांवांत ‘बड़े गुलाम अली’ यांतील ‘ड़’ हाच घोटाळा करतो. पोथ्यांतील ‘ख’ आणि ‘रव’ यांच्या सरमिसळीवर ज्यांनीं रात्री घालविल्या आहेत त्यांस या दोषाचें कौतुकच वाटेल. उपाय सोपा आहे : यादी व फाइली या दोन्हींतील नांवें एकाच रूपांत आणणारीं साधनें मिळतात, आणि जोडचिन्हाचा तिसरा प्रकार शोधून स्वतंत्रपणें बदलावा लागतो.

लिनक्सवर लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद पाळला जातो व विंडोजवर पाळला जात नाहीं. तसेंच प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम अशीं चिन्हें विंडोज नांवांत घेत नाहीं व नक्कल करणारें साधन त्यांच्या जागीं कांहीं तरी दुसरें घालतें. हींही कारणें पाहावींत, पण तीं नजरेनें कळतात.

एवढ्यानें न सुटलेल्या ओळींसाठीं ओळख पटविण्याचें खरें काम सुरू होतें. पुष्कळ प्रोग्राम हलविलेली फाइल आपोआप ओळखण्याचा यत्न करतात. उदाहरणार्थ मिक्स हा फाइलीचें नांव व गाण्याची लांबी जुळली तर ती तीच फाइल असें धरतो. आजच्या संगीतास ही कसोटी बरी आहे. तबकड्यांच्या संग्रहास ती धोक्याची आहे, कारण तबकडीची लांबी गायकानें ठरविलेली नसून मेणांतील जागेनें ठरविलेली असे. सगळ्याच बाजू तीन-सव्वातीन मिनिटांच्या. लांबीवरून माणूस ओळखणें म्हणजे पागोट्यावरून ओळखण्यासारखें आहे. त्यांत ‘ट्रॅक ०१’ या नांवाच्या फाइली प्रत्येक फोल्डरमध्यें असतात, जशीं प्रत्येक बाडांत ‘स्फुट पदें’ असतात. अशा ठिकाणीं प्रोग्रामनें जुळविलेली जोडी ऐकल्यावांचून मान्य करूं नये.

फाइलीच्या आंतच जी माहिती लिहिलेली असते तिला टॅग म्हणतात. एमपी३ फाइलींच्या टॅगचा पहिला प्रकार १९९६ सालचा. तो फाइलीच्या अगदीं शेवटच्या १२८ बाइटांत असतो. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते त्याच जागीं तो आहे, आणि पुष्पिकेचेच गुणदोष त्याच्या ठिकाणीं आहेत. गाण्याच्या नांवास तेथें ३० बाइट, गायकास ३०, संचास ३०, सालास ४. देवनागरीची त्यांत सोय नाहीं, म्हणून नांवें रोमनांत व तींही तिसाव्या अक्षरास तोडलेलीं आढळतात. नंतरच्या प्रकारांत ही अडचण राहिली नाहीं. तरी पुष्पिका जशी नकलाकार मागील प्रतीवरून डोळे मिटून उतरवितो, तसे टॅगही एका फाइलीवरून दुसरीवर चढलेले असतात. पुरावा म्हणून ते घ्यावे, निर्णय म्हणून नव्हे. त्यांचा मोठा उपयोग निराळाच आहे : शेरे केवळ प्रोग्रामच्या यादींत न ठेवतां टॅगांतही लिहिले असते तर माझें नुकसान झालें नसतें, कारण टॅग फाइलीबरोबर प्रवास करतो.

याहून बळकट खूण म्हणजे फाइलीतील सर्व बाइटांवरून गणितानें काढलेला अंक. एक बाइट बदलला तरी हा अंक बदलतो. दोन फाइलींचे अंक जुळले तर त्या एकमेकींच्या अक्षरशः नकला आहेत, मग नांवें कांहीं असोत. अडचण ही कीं टॅगमध्यें एक वेलांटी सुधारली तरी सबंध फाइलीचा अंक बदलतो. फ्लॅक जातीच्या फाइलींत यावर उत्तम तोड काढलेली आहे. तेथें केवळ ध्वनीवरून काढलेला एमडी५ अंक फाइलीच्या आरंभींच नोंदण्याची सोय आहे. पुष्पिका कितीही खाडाखोड करा, मूळ ग्रंथाचा अंक तोच राहतो. माझ्या मतें जतनासाठीं फ्लॅक वापरण्याचें हें एकच कारण पुरेसें आहे. अर्थात् हा अंक आधींच कोठें तरी लिहून ठेविलेला असला तरच गहाळ ओळीशीं जुळवितां येतो.

निरनिराळ्या वेळीं उतरविलेल्या दोन फाइलींत एकच गाणें आहे कीं काय हें अंकानें कळत नाहीं. त्यासाठीं ध्वनीचा ठसा काढतात. २०१० पासून उपलब्ध असलेलें क्रोमाप्रिंट हें साधन गाण्याच्या आरंभींचा भाग घेऊन त्यांतील नाद सप्तकाच्या बारा अर्धस्वरांवर विभागतें व ही विभागणी क्षणोक्षणीं कशी बदलते याचा आराखडा करतें. बारा स्वरांची ही मांडणी आपल्या वाचकांस ओळखीची वाटेल. परंतु तबकड्यांच्या बाबतींत तिला एक मर्यादा आहे. मिनिटास ७८ फेरे हा वेग पुढें रूढ झाला. आरंभींच्या तबकड्या कमी-अधिक वेगानें मुद्रित झाल्या आहेत. एकच तबकडी एकानें ७८ फेऱ्यांनीं व दुसऱ्यानें ७४ फेऱ्यांनीं वाजविली तर षड्जच जवळजवळ अर्ध्या स्वरानें सरकतो, आणि ठसा जुळत नाहीं. ठसा जुळला नाहीं म्हणून गाणें निराळें, असें अनुमान म्हणूनच करूं नये.

अखेर कान व तबकडी हेच साक्षीदार उरतात. १९०२ सालीं गेसबर्गनें कलकत्त्यास हिंदी गायकांचें पहिलें तबकडी-मुद्रण केलें. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांत गाणें संपतां संपतां गायक स्वतःचें नांव उच्चारतो. गौहरजानची अशी घोषणा प्रसिद्धच आहे. ही बोललेली पुष्पिका होय, आणि ती कोणत्याही टॅगपेक्षां विश्वसनीय आहे. खेदाची गोष्ट ही कीं, ध्वनि स्वच्छ करण्याच्या भरांत कित्येक जण गाणें संपतांच फाइल कापतात व ही घोषणा खरखरीबरोबर फेंकून देतात. तसाच मधल्या कागदाच्या कडेस मेणांत उठलेला अंक. कागद बदलला, तबकडी पुन्हां छापली, तरी त्याच मुद्रणाचा तो अंक बहुधा कायम राहतो. ऐकून मात्र तो कळत नाहीं, म्हणून तबकडी हातीं असतांनाच टिपला पाहिजे.

असो. या सर्व चाळणींतून जें उरतें तें खरोखर गहाळ. अशा नोंदींचें मोल किती असूं शकतें याचें एक परदेशचें उदाहरण देतों. मायस्पेस या संकेतस्थळावरील जुनीं गाणीं २०१८ च्या सुमारास वाजेनाशीं झालीं. नांवें दिसत, गाणें लागत नसे. २०१९ च्या मार्चांत असें प्रसिद्ध झालें कीं, फाइली एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलवितांना बारा वर्षांत जमा झालेलीं पांच कोटींवर गाणीं नष्ट झालीं. पुढच्याच महिन्यांत इंटरनेट आर्काइव्हनें त्यांपैकीं सुमारें ४,९०,००० गाणीं लोकांसमोर ठेविलीं. अभ्यासकांच्या एका गटानें २००८ ते २०१० या काळांत आपल्या संशोधनासाठीं तीं उतरवून घेतलेलीं होतीं. हरवलेल्या वस्तूची प्रत कोणाच्या घरीं निघेल हें सांगतां येत नाहीं. पण ती निघाली असतां, हीच ती, हें सांगण्यास जुनी ओळ शिल्लक असावी लागते.

म्हणून खरोखर गहाळ ठरलेल्या ओळी पुसूं नयेत. त्या चालू यादींतून काढून, शोधाच्या तारखेसह, स्वतंत्र यादींत लिहाव्या, आणि ही यादी कोणत्याही प्रोग्रामच्या पोटांत न ठेवतां साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवावी. उरलेल्या फाइलींची व्यवस्था लावतांना बॅगइट या पद्धतीचा विचार करावा. अमेरिकेंतील लायब्ररी ऑफ काँग्रेस व कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनीं ती तयार केली असून तिचें अंतिम लेखी स्वरूप २०१८ मध्यें प्रसिद्ध झालें. तींत फाइलींचा एक बस्ता बांधून त्याच बस्त्यांत प्रत्येक फाइलीचें नांव व तिचा अंक यांची यादी घालतात. रुमाल व त्याची फेरिस्त एकाच गांठींत. बस्ता कोणत्याही डिस्कवर न्या, उघडून मोजला कीं कमी काय व बिघडलेलें काय तें कळतें. आपल्या दप्तरदारांनीं हें फडक्यांत बांधून केलें होतें.

माझ्या यादींतील ओळी वरील रीतीनें जुन्या उताऱ्याशीं ताडून पाहतां आठ बाजूंचा पत्ता लागला नाहीं. उताऱ्यांत त्या आहेत, डिस्कवर नाहींत. दुरुस्तीच्या आधींच त्या गेल्या असाव्यात. दोन पुढें ओळखल्या : त्या ‘ट्रॅक ०१’ या नांवाखालीं भलत्याच फोल्डरांत होत्या, आणि त्यांपैकीं एकीच्या शेवटीं कापण्यांतून वांचलेली गायिकेची घोषणा होती. सहा उरल्या आहेत. पांचांच्या शेऱ्यांत मेणांतील अंक दिला आहे. सहावीच्या शेऱ्यांत अंक नसून, तबकडीस कडेपासून मध्यापर्यंत तडा आहे व ती प्रत्येक फेऱ्यास टक् असा आवाज करते, एवढेंच लिहिलें आहे. ही यादी मंडळाच्या कार्यालयांत पाहावयास ठेविली आहे. कोणा संग्राहकाजवळ या अंकांच्या तबकड्या, किंवा तशी तडा गेलेली तबकडी असल्यास, अगर तिच्यावरून उतरविलेली फाइल असल्यास, तिचा शेवट न कापतां कळविण्याची कृपा करावी.